कोकणच्या किनाऱ्यावर सकाळीही कॅमेरा बाहेर काढा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी पाठवलेली सहलीची छायाचित्रं छापायला लागल्यापासून आमच्या घरात पुरवणी आधी कोणी उघडायची यावरून ओढाताण असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातली माणसं कुठे कुठे जाऊन आली ते कळतं, ओळखीची नावं दिसतात, बरं वाटतं. सदर चालू ठेवल्याबद्दल आधी मनापासून आभार.

आता मुद्द्याचं. किनाऱ्यावरची जी छायाचित्रं आजवर छापून आली, ती बहुतेक सगळी सूर्यास्ताची आहेत. लाल गोळा, खाली पाण्यावर चमकणारा पट्टा, बाजूला माडाची काळी आकृती. वेंगुर्ला असो, कळंगुट असो की कारवार, खाली नाव नसेल तर जागा ओळखू येत नाही. सकाळचं छायाचित्र जवळजवळ येतच नाही. त्यात पाठवणाऱ्यांचा दोष नाही. आपण बेळगावकर समुद्रावर ज्या पद्धतीने जातो, त्या पद्धतीतच सकाळ हातातून सुटते. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर शहापूरचं. मामंजींनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ आता आम्ही दोघं चालवतो. तुळशीचं लग्न झालं की आमची धावपळ सुरू होते, आणि अलीकडे लग्नाआधी प्री-वेडिंगसाठी जोड्यांना समुद्रावर घेऊन जावं लागतं. त्यामुळे आपल्याकडची माणसं किनाऱ्यावर कधी पोहोचतात, काय करतात आणि कधी निघतात, हे मला चांगलं माहीत आहे.

सकाळी सात-साडेसातला गाडी निघते. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, मग आंबोलीत थांबून चहा-भजी, घाट उतरून सावंतवाडी. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, पण वेंगुर्ल्याला पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याने गोव्यात उतरलात तरी वेळेचं गणित तेच. तोवर सूर्य डोक्यावर चढलेला, समुद्र पांढुरका, वाळूकडे बघवत नाही. मग मासळीचं जेवण, थोडी झोप, साडेपाचला किनारा. सूर्य बुडेपर्यंत फोटो, आणि बुडाला की लगेच "चला, घाट चढायचाय" म्हणून सगळे गाडीकडे. दिवाळीनंतर जाणाऱ्यांची तर आणखी पंचाईत होते. वर्षातला सगळ्यांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरात नव्हे, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असतो, सहाच्या सुमारास. साडेपाचला किनाऱ्यावर आलेल्या माणसाला मग अर्धाच तास मिळतो.

त्या अर्ध्या तासात सगळे सूर्याच्या गोळ्यामागे असतात. गोळ्याचा खालचा काठ पाण्याला टेकल्यापासून वरचा काठ दिसेनासा होईपर्यंत आपल्याकडे जेमतेम सव्वादोन मिनिटं लागतात. खरं तर गोळा टेकलेला दिसतो तेव्हा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाच असतो. हवेतून येताना उजेड वाकतो, म्हणून तो आपल्याला अजून वर दिसतो. एवढ्या सव्वादोन मिनिटांसाठी शेकडो माणसं मोबाईल धरून उभी असतात, आणि पुढची वीस-बावीस मिनिटं कोणी पाहतच नाही. सूर्य बुडाल्यानंतर तो क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत २२ ते २४ मिनिटं पुरेसा उजेड असतो. वर ढग असतील तर त्यांच्या खालच्या बाजूला खरा रंग याच वेळात चढतो. जमीन अंधारत जाते, होड्यांवरचे आणि घरातले दिवे लागतात, आणि आकाश नि दिवे यांचा उजेड काही मिनिटं एकमेकांच्या तोडीचा होतो. बंदराचा, जेट्टीचा फोटो काढायला यापेक्षा चांगली वेळ नाही. माहेरी आमच्या शेजारी एक रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारे, काका होते. पाहुणे मंडळी सूर्य बुडताच कपडे झटकून उठली की म्हणायचे, "सूर्य बुडलो म्हणान उजवाड बुडता काय गो? थांब वायच." लहानपणी ते नुसतं कानावरून जायचं. कॅमेरा हातात आल्यावर त्या बोलण्याचा मला रोज उपयोग झाला.

पण संध्याकाळचं निदान अर्धं तरी आपल्याला मिळतं. सकाळ पूर्णच जाते. "आपला समुद्र पश्चिमेला, सूर्य डोंगराकडून उगवतो, मग सकाळी समुद्रावर जाऊन बघायचं काय?" हे मी स्टुडिओत कितीतरी गिऱ्हाइकांकडून ऐकते. सूर्य पाण्यातून वर येताना बघायचा असेल तर पुरीला किंवा मामल्लपुरमला जावं लागेल, हे खरं. पण छायाचित्राला सूर्य समोर असलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? मामंजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "उजेड कुठनं येतोय ते बघ आधी, मग डोळा लाव." संध्याकाळी आपल्या किनाऱ्यावर उजेड समोरून येतो, म्हणून माणूस, होडी, खडक सगळं काळं होतं. सकाळी तोच उजेड आपल्या पाठीकडून येतो आणि समोरच्या प्रत्येक वस्तूवर पडतो. होडीवरचा रंग, जांभ्या खडकाचा तांबूसपणा, लाट फुटायच्या आधी तिच्या पोटात दिसणारा हिरवा रंग हे सगळं सकाळी दिसतं. संध्याकाळी यातलं काही दिसत नाही.

आणि सूर्य उगवायच्या आधी जे दिसतं ते तर मी बेळगावात कोणाला सांगितलं की पटत नाही. सूर्योदयाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी किनाऱ्यावर पश्चिमेकडे तोंड करून उभं राहा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजालगत, पाण्याच्या अगदी वर, राखाडी-निळा जाड पट्टा दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं धुकं किंवा लांबचे ढग असावेत. त्याच्या वर फिकट गुलाबी पट्टा, आणि त्याच्याही वर आकाश हळूहळू निळं होत गेलेलं. तो खालचा निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. चंद्रग्रहणात चंद्रावर पडते तीच, इथे हवेवर पडलेली. पूर्वेला सूर्य वर येऊ लागला की पश्चिमेला ही सावली खाली उतरू लागते. मिनिटामिनिटाला तिची वरची कड खाली येते, गुलाबी पट्टा तिच्यामागून उतरतो, आणि सूर्य उगवतो त्या सुमाराला ती पाण्यात मिसळून जाते. संध्याकाळी हीच सावली पूर्वेला, डोंगराच्या बाजूला चढते, पण तिकडे सह्याद्री आणि माड आडवे येतात. सकाळी मात्र पश्चिमेला मोकळं क्षितिज असतं. म्हणजे ही सावली नीट बघायची असेल तर पश्चिम किनाऱ्याइतकी सोयीची जागा नाही. पुरीच्या किनाऱ्यावरचा माणूस सूर्योदयाला पाठ करून उभा राहिला तर त्याला समोर घरं दिसतील.

पौर्णिमेला यात चंद्राची भर पडते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून इकडे सूर्य उगवत असताना तिकडे चंद्र समुद्रात मावळत असतो. पौर्णिमेच्या किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीच्या, प्रतिपदेच्या, सकाळी चंद्र नेमका त्या गुलाबी पट्ट्यात सापडतो. रात्री चंद्राचा फोटो काढायला गेलं की एक तर चंद्र पांढरा ठिपका होतो, नाही तर खालचं सगळं अंधारात जातं. पहाटे त्या वेळी चंद्राचा नि आजूबाजूचा उजेड जवळपास सारखा असतो, म्हणून एकाच फोटोत चंद्रावरचे डागही येतात आणि होड्याही. एक गोष्ट आधी पाहून ठेवावी लागते. हिवाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, डिसेंबरात तो नैऋत्येकडे सुमारे २४ अंश सरकलेला असतो. त्या महिन्यांतला पौर्णिमेचा चंद्र उलट, वायव्येच्या अंगाला मावळतो. उन्हाळ्यात हे बरोबर पालटतं. त्यामुळे काल संध्याकाळी सूर्य जिथे बुडाला तिथेच सकाळी चंद्र दिसेल असं धरून चाललात तर आडवा डोंगर यायचा.

हे बघायला महागडं काहीच लागत नाही. घराघरात भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यावर तिथी छापलेली असते. बेळगावात आपण ती एकादशी-संकष्टीसाठी बघतो. किनाऱ्यावरची माणसं तीच तिथी भरती-ओहोटीसाठीही बघतात. जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईकडे हा हिशेब बरा जुळतो, आमच्या वेंगुर्ल्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. याचा फोटो काढणाऱ्याला अर्थ असा, की अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळी-संध्याकाळी पाणी खडकांवर चढलेलं असणार आणि वाळूचा पट्टा अरुंद. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावर दोन-तीन दिवसांत गेलात तर नेमक्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळेला ओहोटी सापडते, तीही मोठी. लांबवर ओली वाळू उघडी पडते, तिच्यात आकाश उतरतं, खडकांतल्या डबक्यांत शेवाळ, खेकडे, शंख दिसतात. तारीख ठरवताना शनिवार-रविवार कधी येतो एवढंच आपण बघतो. त्याच्या शेजारी छापलेली तिथीही बघावी, एवढं माझं म्हणणं.

हे नुसतं फोटोपुरतं नाही. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या सहलीतले आठ जण बुडाले. बेळगावात ती संध्याकाळ आठवणारी घरं आजही आहेत. लाटांचा फोटो घ्यायला खडकाच्या टोकावर जाणारी मुलं मी पाहते तेव्हा माझा जीव वरखाली होतो. आमच्याबरोबर आलेल्या जोडीला मी आधी सांगून ठेवते, की आत्ता पाणी वाढतंय की उतरतंय हे गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय कोणीही खडकावर जायचं नाही. पौर्णिमेच्या सकाळी सूर्योदयाला पाणी खाली दिसलं तरी ते वाढायला लागलेलं असतं. आत जाताना कोरडी असलेली वाट परतताना पाण्याखाली गेलेली असते. पावसाळ्यात तर खडकांवर जाऊच नये. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांच्या मच्छीमारांनाही समुद्रात जायला बंदी असते, तिथे आपण कॅमेरा घेऊन कुठे निघालो?

कुठे जावं असं बरेच जण विचारतात. देवबागला जा असं मी आधी सांगते. मालवण-तारकर्लीच्या पुढे जमिनीची ती चिंचोळी पट्टी आहे, एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. सकाळी खाडीवर सूर्य उगवताना बघायचा, आणि संध्याकाळी चार पावलं चालून दुसऱ्या बाजूला समुद्रात मावळताना. एकाच मुक्कामात दोन्ही. मालवणात सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. १६६४ साली महाराजांनी त्याचं काम सुरू केलं. संध्याकाळी किनाऱ्यावरून त्याची नुसती काळी रेघ दिसते. सकाळी मात्र शहराच्या मागून सूर्य वर येताना आधी किल्ल्याच्या तटाला ऊन लागतं, आणि आपण उभे असतो तो किनारा अजून माडांच्या सावलीत असतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत तटाचा दगड न् दगड सुटा दिसतो. कारवारला काळी नदीच्या मुखाशी, कोडीबागच्या बाजूला, डोंगर अगदी पाण्याजवळ आलेले आहेत. तिथे सकाळी नदीवर वाफ असते आणि डोंगराच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या ओळी दिसतात. शिरोड्याची मिठागरं तर मला किनाऱ्याहूनही आवडतात. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहातलं हे गाव, आणि उन्हाळ्यात तिथे पाण्याने भरलेले चौकोनी वाफे असतात. वारा पडलेला असला की सकाळी प्रत्येक वाफ्यात आकाशाचा वेगळा तुकडा. सूर्याचे फोटो काढायला या किनाऱ्यावर माणसं फार पूर्वीपासून येतात, हे जाता जाता सांगते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ आपल्या माणसांसह विजयदुर्गावर मुक्कामाला आले होते. त्यांच्या दुर्बिणींसाठी बांधलेले ओटे किल्ल्यात अजून दाखवतात.

पण सकाळी किनाऱ्यावर जायचं माझं खरं कारण रापण. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पहाटे होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगा लागतात, एकीकडे वीस-पंचवीस माणसं, दुसरीकडे तितकीच, आणि दोर ओढायला सुरुवात होते. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. तास-दोन तास हे चालतं. ओढणारे समुद्राकडे तोंड करून, मागे रेलून, टाचा वाळूत रोवून मागे मागे जातात. दोर ओला, त्याच्यातून पाणी निथळत असतं, आणि वर्षानुवर्षं दोर ओढून तळहाताला पडलेले घट्टे स्पष्ट दिसतात. ऊन त्यांच्या पाठीवर असतं. मी पाण्याच्या कडेला, रांगेच्या बाजूला उभी राहते, म्हणजे दंडाची आणि गालाची एक कड उजळते आणि बाकीच्या चेहऱ्यावर ओल्या वाळूवरून आलेला मऊ उजेड असतो. शेवटी जाळ्याचा मधला खोलगट भाग उथळ पाण्यात येतो तेव्हा तारल्या, पेडवे, बांगडे एकदम उसळतात. त्या क्षणाला ऊन थेट त्यांच्यावर असतं. मग मासळीची वाटणी होते, वर घारी घिरट्या घालत असतात, बायका टोपल्या घेऊन आलेल्या असतात. हे सगळं सकाळी नऊच्या आत आटोपतं. आपली गाडी तेव्हा आंबोलीत असते.

रापणीचा फोटो काढायला जाल तर आधी विचारा. मी विचारते, आणि ते "काढ गो" म्हणतात, पण कोणी नको म्हटलं तर कॅमेरा खाली. ती माणसं पोटासाठी राबत असतात. मधे उभं राहून त्यांची वाट अडवायची नाही. दोराला हात लावायला बोलावलं तर चप्पल काढून रांगेत उभं राहावं. परत जाताना त्यांच्या फोटोच्या छापील प्रती करून मी घेऊन जाते. मोबाईलवर पाठवलेला फोटो हरवतो. छापलेला घरात भिंतीवर लागतो.

कॅमेऱ्याबद्दल थोडं, कारण स्टुडिओत रोज तेच प्रश्न येतात. समुद्रावर फोटो धुरकट येतात ही सगळ्यांची तक्रार. बहुतेकदा काचेवर खारं पाणी बसलेलं असतं. मोबाईलच्या भिंगावर तुषारांचा थर डोळ्यांना दिसत नाही, पण उजेडाकडे धरला की मलमलीसारखा पसरतो. कोरड्या फडक्याने पुसू नका, मीठ आणि वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकर मारून कण उडवावेत, मग किंचित ओलसर मऊ फडक्याने पुसावं. आणि पहाटे एसीच्या खोलीतून थेट किनाऱ्यावर गेलात तर काचेवर लगेच वाफ धरते आणि नेमकी ती दहा मिनिटं वाया जातात. कॅमेरा अर्धा तास आधी खोलीबाहेर ठेवावा, इतकंच पुरतं. ट्रायपॉडचे पाय घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवावेत, नाही तर पुढच्या खेपेला ते उघडायचे नाहीत.

रंग का जातात, हेही बरेच जण विचारतात. मोबाईल आणि कॅमेरा दोघांनाही गुलाबी-केशरी उजेड ही चूक वाटते आणि ते तो दुरुस्त करून पांढरा करायला बघतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायची कॅमेऱ्यातली सोय, ऑटोवरून काढून डेलाइटवर (दिवसाच्या उजेडावर) ठेवला की डोळ्यांना दिसतो तो रंग बराचसा फोटोत येतो. मोबाईलवर पडद्यावर आकाशाच्या जागी बोट दाबून धरा, फोकस तिथे पक्का झाला की बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. पृथ्वीच्या सावलीचे ते फिकट पट्टे फोटोत यायचे असतील तर हे करावंच लागतं, नाही तर आकाश पांढरं पडतं. आणि मोठ्या लेन्समधून, कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून, सूर्याकडे थेट बघू नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघून फोटो घ्यावा.

कधी जावं म्हणाल तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पावसाने हवा धुतलेली असते आणि वर उंचावर ढगांचे पातळ पदर असतात, ज्यांच्यावर रंग चढतो. मार्च-एप्रिलमध्ये क्षितिजावर धुरकट थर साचतो आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्यात विरघळतो. गिऱ्हाईक मुहूर्तावर अडलेलं असतं, त्याला काय सांगणार. पण स्वतःच्या हौसेसाठी जाणाऱ्यांनी निवडायला हरकत नाही.

एक विनंती मुक्कामाची. बेळगावहून रात्री घाट उतरून पहाटे किनाऱ्यावर पोहोचण्याचा आग्रह मी कधी धरणार नाही. आंबोलीत आणि चोर्ल्यात धुकं असलं की समोरचं वळण दिसत नाही, आणि झोपेत असलेला ड्रायव्हर हा फोटोपेक्षा मोठा प्रश्न आहे. आदल्या दिवशी दुपारी निघा, संध्याकाळ बघा, राहा, सकाळ बघा, आणि नाश्ता करून उजेडी परता. एका दिवसाच्या सहलीत जेवढे तास गाडीत जातात तेवढेच यातही जातात. वेंगुर्ला, मालवण, देवबाग इथे घरगुती राहायची सोय मिळते, आणि त्या घरातल्या बाईच्या हाताला दोन पैसे जास्त मिळतात. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींनाही हेच लागू व्हावं असं मला वाटतं. दिवसभर गाडीत बसून संध्याकाळी दमलेली मुलं पाण्यात सोडण्यापेक्षा सकाळी ताजी असताना ओहोटीच्या किनाऱ्यावर नेली तर ती काहीतरी बघतील.

आता आपल्याकडे मागणं. सदरात सूर्यास्ताची छायाचित्रं छापू नका असं मी म्हणत नाही. ज्याने पहिल्यांदा समुद्र पाहिला त्याला तो लाल गोळाच टिपावासा वाटणार, आणि ते योग्यच आहे. पण छायाचित्राखाली नाव आणि गाव छापता तसं ठिकाण, तारीख, वेळ आणि तिथीही छापावी. जागा फार जाणार नाही. वाचकाला मात्र कळेल की देवबागला अमुक तिथीला सकाळी पावणेसातला पाणी कुठे होतं. वर्षभरात आपल्याच वाचकांनी जमवलेली चांगली नोंद तयार होईल. आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आसपासची एखादी पुरवणी फक्त सकाळच्या किनाऱ्यासाठी ठेवावी. त्यासाठी लोकांना आधी महिनाभर सांगावं लागेल. ते काम आपलं दैनिक सहज करू शकतं.

ड्रोनने काढलेली छायाचित्रं येतात त्यांच्याबाबत मात्र जपून. कारवारला नौदलाचा तळ आहे, वेंगुर्ल्याजवळ चिपीला विमानतळ झालाय. कुठे उडवता येतं आणि कुठे नाही हे सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर दिसतं. परवानगी नसलेल्या जागेवरचं चित्र छापून आलं की ते बघून दुसरा तिथेच ड्रोन घेऊन जातो.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला, गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री वाळूत अंडी घालतात. पुढे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर पडतात, तीही बहुधा रात्री नाही तर पहाटे, म्हणजे आपण सकाळचा उजेड पकडायला जातो त्याच सुमाराला. ती पिल्लं जिकडे उजेड जास्त तिकडे चालतात. मोकळ्या किनाऱ्यावर समुद्राकडची बाजू उजळ असते, म्हणून ती पाण्याकडे जातात. आपण मोबाईलचा टॉर्च किंवा फ्लॅश लावला की ती आपल्याकडे वळतात, आणि थकून वाळूतच मरतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. पण कायद्याची भीती दाखवून मला काही सांगायचं नाही. एका तळहाताहून लहान जिवाला वाट चुकवणारं छायाचित्र कितीही सुंदर आलं तरी ते छापू नये, एवढंच म्हणायचं आहे. पिल्लांचं छायाचित्र कोणी पाठवलं तर ते फ्लॅशशिवाय काढलंय का, हे आपण विचारून घ्यावं. आणि छापलंत तर गावाचं नाव द्या, पण अंडी कुठल्या टोकाला, कुठल्या खुणेजवळ आहेत ते देऊ नका. बाकी सगळ्या छायाचित्रांखाली जागा नेमकी असावी असं मी वर म्हटलं, त्याला हा एवढा अपवाद ठेवावा.

आपली,
एक वाचक आणि छायाचित्रकार,
शहापूर, बेळगाव